घरात गायलेलं गाणं : मॉली आणि निक ड्रेक



आज ज्या गाण्यांविषयी आम्ही बोलणार आहोत ती प्रसिद्धीसाठी रचलेली नव्हती. इंग्लंडमध्ये वॉरिकशर परगण्यात टॅनवर्थ-इन-आर्डेन नावाचं एक खेडं आहे. तिथल्या ‘फार लेज’ या घरात, १९५०च्या दशकात, मॉली ड्रेक नावाच्या गृहिणी पियानोपाशी बसून स्वतः रचलेली गाणी म्हणत आणि त्यांचे यजमान रॉडनी ती घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेत. ऐकणारे कोण? मुख्यतः घरची माणसं. मॉलीबाई १९९३मध्ये वारल्या. त्यांची दोन गाणी प्रसिद्ध झाली ती २००७मध्ये, आणि त्यांच्या नावाचा स्वतंत्र अल्बम सगळीकडे पोचला तो २०१३मध्ये. म्हणजे गायिका गेल्यानंतर वीस वर्षांनी.

ही गाणी बाहेर आली ती मुलामुळे. मुलगा निक ड्रेक. त्याने हयातीत तीन अल्बम केले. पहिला १९६९चा, शेवटचा १९७२चा. ते फारसे खपले नाहीत. नोव्हेंबर १९७४मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, त्याच घरात तो गेला. नंतर मात्र त्याची कीर्ती वाढत गेली, लोक त्याच्या घरच्या टेपा शोधू लागले आणि त्या टेपांबरोबर आईच्या टेपांकडेही लक्ष गेलं. २००७च्या ‘फॅमिली ट्री’ या संग्रहात निकने तरुणपणी म्हटलेली स्वतःची आणि दुसऱ्यांची गाणी आहेत, बहीण गॅब्रिएलबरोबर म्हटलेलं एक गाणं आहे, आणि आईची दोन गाणी आहेत. आमचा आजचा प्रश्न हा, की अशा घरगुती ध्वनिमुद्रणाची समीक्षा करायची कशी? मुळात करायची का?

पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा आपल्याशी संबंध आहे. मॉलीबाईंचा जन्म १९१५चा, रंगूनचा. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले बडे अधिकारी. रॉडनी हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनियर होते. १८६३मध्ये स्थापन झालेली, ब्रह्मदेशातल्या सागवानावर वाढलेली, आपल्या मुंबईचं नाव लावणारी हीच ती कंपनी. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा मॉली आणि त्यांची बहीण नॅन्सी हिंदुस्थानात आल्या, दिल्लीत राहिल्या, आणि दोघी बहिणींनी ‘लॉइड सिस्टर्स’ या नावाने ऑल इंडिया रेडिओवर गायन केलं. गॅब्रिएल १९४४मध्ये लाहोरला जन्मली, निक १९४८मध्ये रंगूनला. मॉलीबाईंच्या एका गाण्यात सुगरण पक्षी येतो. तो काही वॉरिकशरच्या झाडावर दिसणारा पक्षी नव्हे.

हे सांगण्याचं कारण चरित्राची हौस हे नाही. घरात गाणारी बाई म्हणजे बाहेरचं जग न पाहिलेली, मायक्रोफोनला बिचकणारी, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे पटकन उभं राहतं. ते इथे लागू पडत नाही. रेडिओच्या मायक्रोफोनपुढे उभं राहून गायलेली ही बाई होती. जाहीर गाणं म्हणजे काय आणि घरचं गाणं म्हणजे काय, यातला फरक तिला अनुभवाने ठाऊक होता.

आता समीक्षेकडे वळू. घरगुती गाण्याबाबत दोन प्रकारची माणसं भेटतात, आणि दोन्ही प्रकार टीकेची जबाबदारी टाळतात. पहिला म्हणतो, ‘हौशी आहे हो, सांभाळून घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘किती खरं, किती निर्मळ! धंदेवाईकांना हे जमणारच नाही.’ पहिला माफ करतो, दुसरा आरती ओवाळतो. पण दोघंही गाणं ऐकत नाहीत. दोघंही गाणाऱ्या माणसाची परिस्थिती ऐकतात.

‘हौशी’ हा शब्दच बघा. फारसीतून आलेल्या ‘हवस’पासून आपली ‘हौस’ झाली. तिच्यात तीव्र इच्छेचा अर्थ होता. आपण तिचं पाणी करून टाकलं. ‘हौस म्हणून गातो’ म्हणजे मनावर घेऊन गात नाही, असा अर्थ आपण लावतो. इंग्रजी ‘अमॅच्युअर’चंही तेच झालं. मुळात लॅटिनमधला तो प्रेम करणारा, आणि आज त्याचा अर्थ कच्चा. ज्याला पैसे मिळत नाहीत तो कमी गंभीर, हे गृहीतक बाजाराचं आहे. कलेच्या विचारात ते तपासल्याशिवाय घेता येत नाही.

म्हणून एक गाणं प्रत्यक्ष घेऊ. मॉलीबाईंचं ‘आय रिमेम्बर’. रचना वरवर अगदी साधी आहे. दोन माणसांनी एकत्र घालवलेले दिवस गाणारी आठवते आहे. एकेका कडव्यात एकेक सहल, एकेक मुक्काम. प्रत्येक कडव्याच्या शेवटी कळतं, की त्या एकाच प्रसंगातलं तिच्या लक्षात राहिलं आहे ते सुख आणि त्याच्या लक्षात राहिली आहे ती गैरसोय. ऐकणाऱ्याला सुरुवातीला हसू येतं. नवराबायकोंच्या नेहमीच्या कुरबुरींसारखं ते वाटतं. मग शेवटच्या कडव्यात गाणं वळतं, आणि वळतं ते एका सर्वनामावर. जिला ती ‘आपण’ समजत होती ते ‘आपण’ नव्हतंच, ‘तू’ आणि ‘मी’ होते.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थांबावंच लागतं. ‘आपण’ म्हणताना आपण काय गृहीत धरतो? दोघांनी एकच गोष्ट अनुभवली, हे. त्या गृहीताची तपासणी सहसा कुणी करत नाही, कारण ती करायला वाद लागतो आणि संसारात वाद नको असतो. हे गाणं वाद घालत नाही. ते फक्त पुरावे मांडत जातं, एकेक, हसतमुख, आणि निष्कर्ष शेवटी आपोआप पडतो. आधीच्या प्रत्येक कडव्याचा अर्थ त्या शेवटामुळे मागे जाऊन बदलतो. जे विनोद म्हणून ऐकलं ते दुराव्याची नोंद होती, हे तेव्हा समजतं. याला रचना म्हणतात. हे नुसत्या मोकळ्या मनातून आपसूक झालेलं नाही. कुणीतरी बसून, खोडून, जुळवून केलेलं आहे.

आणि इथेच मोह होतो. टेपरेकॉर्डर कोण चालवत होतं? नवरा. मग हे गाणं त्यालाच उद्देशून असेल का? ड्रेक दांपत्यात दुरावा होता का? आमचं म्हणणं असं, की हा प्रश्न विचारला त्या क्षणी आपण समीक्षक राहत नाही, शेजारी होतो. घरात गायलेलं गाणं ही घराची कागदपत्रं नव्हेत. ती कृती आहे. कादंबरीतल्या ‘मी’ला आपण लेखक समजत नाही. मग घरातल्या बाईच्या गाण्यातला ‘मी’ तेवढा खराखुरा का धरायचा? तिला कल्पनाशक्ती नसते का? जी सूट आपण छापील कवीला देतो ती पियानोपाशी बसलेल्या आईला देत नाही, हा अन्याय आहे, आणि तो कौतुकाच्या वेषात येतो म्हणून लक्षात येत नाही.

मराठी वाचकाला या बाबतीत एक उदाहरण घरातच आहे. बहिणाबाई चौधरी. त्या १९५१मध्ये गेल्या, मुलगा सोपानदेव स्वतः कवी, आणि १९५२मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आचार्य अत्रे यांनी प्रस्तावना लिहिली. आज बहिणाबाईंना कुणी ‘सोपानदेवांची आई’ म्हणून वाचत नाही. मराठीने त्यांना कवी म्हणून वाचलं. मॉली ड्रेक यांच्या बाबतीत अजून बरेच लोक निकची किल्ली शोधायला जातात आणि किल्ली सापडली की दार लावून घेतात.

म्हणून त्यांच्या गाण्यांतल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तोही सन्मानाचाच भाग आहे. त्यांची भाषा दोन महायुद्धांच्या मधल्या इंग्रजी दिवाणखान्यातली आहे. यमक नेटकं, सभ्य, कधी कधी फारच नेटकं. काही गाण्यांत विचार पुरता उमलण्याआधीच पियानो समेवर येतो. ‘हॅपिनेस’मध्ये सुख म्हणजे हाती न लागणारा पक्षी, ही कल्पना जुनीच आहे. तिथे गाणं तरतं ते चालीवर, शब्दांवर नव्हे. ‘आय रिमेम्बर’ची उंची सगळ्या गाण्यांना नाही. पण ती एकदा गाठता येणं हीही लहान गोष्ट नव्हे.

आता मुलाकडे. ‘फॅमिली ट्री’मधली बरीचशी ध्वनिमुद्रणं साधारण १९६७-६८ची, काही फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सची, काही घरची. निक तेव्हा अठरा ते वीस वर्षांचा. स्वतःची थोडी गाणी, आणि बाकी दुसऱ्यांची: बर्ट जान्श, जॅक्सन सी. फ्रँक, बॉब डिलन. आजची मुलं ज्याला ‘कव्हर’ म्हणतात ते. स्पष्टच सांगायचं तर यातली सगळी कव्हरं चांगली नाहीत. ब्लूजच्या गाण्यांत आयुष्याला विटलेल्या माणसाचा सूर लागतो. सुखवस्तू घरातला, केंब्रिजला जाणारा मुलगा तो सूर उसना आणतो आणि ते कळतं. बोटं पक्की आहेत, गळा मात्र दुसऱ्याचा कोट घालून फिरतो आहे.

इथे कांटची मदत होते. १७९०च्या तिसऱ्या ‘क्रिटिक’मध्ये कांटने नक्कल आणि अनुसरण यांत फरक केला. नक्कल करणारा पूर्वसुरीने जे केलं तेच करतो. अनुसरणारा पूर्वसुरीने ज्या झऱ्यातून पाणी घेतलं त्याच झऱ्यापाशी जातो, आणि त्याच्याकडून फक्त वाकायचं कसं ते शिकतो. आपल्या ख्यालगायकीत हे आपण जाणतो. पिढ्यान्पिढ्या गायलेल्या बंदिशीला कुणी ‘कव्हर’ म्हणत नाही. ब्लूज म्हणताना निक नक्कल करतो. डिलनचं ‘टुमॉरो इज अ लाँग टाइम’ म्हणताना तो अनुसरतो. डिलनचा उच्चार तो घेत नाही. आवाज खाली, शब्द जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखे. गंमत अशी, की या गाण्याचं डिलनने स्वतः गायलेलं रूप रेकॉर्डवर अधिकृतपणे आलं ते १९७१मध्ये. त्याआधी ते दुसऱ्यांच्याच गळ्यांतून फिरत होतं, १९६६मध्ये एल्व्हिस प्रेस्लीनेही ते म्हटलं होतं. मग ‘मूळ’ कुठलं आणि ‘कव्हर’ कुठलं? काळाचा क्रम या प्रश्नाचं उत्तर देत नाही. कुणी झऱ्यापर्यंत गेलं का, एवढंच विचारता येतं.

निकचा झरा कुठे होता? त्याचे निर्माते जो बॉइड यांनी लिहिलं आहे, की मॉलीबाईंची गाणी ऐकल्यावर निकच्या स्वरमेळाचं मूळ कुठे आहे ते त्यांना समजलं. आमच्या कानालाही ते पटतं. एक सूर अपेक्षित ठिकाणी न उतरवता जरा बाजूला ठेवून देण्याची सवय दोघांत आहे. आईचं ‘पुअर मम’ आणि मुलाचं ‘पुअर बॉय’, ही शीर्षकंसुद्धा एकमेकांकडे बघतात. जान्श आणि फ्रँक यांच्याकडून निक गिटार शिकला असेल, पण गिटारवर काय म्हणायचं ते त्याच्या कानावर लहानपणीच पडलेलं होतं. त्याच्या घरच्या टेपांत ऐकू येतं ते हेच: मुलगा दूरदूरच्या आवाजांत स्वतःला शोधतो आहे, आणि ज्या गाण्यांत तो शोध सोडून देतो तिथे तो सापडतो.

यातून एक सोपा बोध काढायचा मोह आवरावा. आई घरात गात राहिली आणि सुखी राहिली, मुलगा बाजारात गेला आणि मोडला, असा. निकचं आजारपण आपल्याला समजलेलं नाही आणि ते गाण्यांतून सिद्ध करायला आपण न्यायाधीश नाही. एवढं मात्र खरं, की जाहीर अल्बमांना मिळालेलं मौन त्याने अनुभवलं, आणि मॉलीबाईंना तर तेही मिळालं नाही. हयातीत त्यांच्या गाण्याला ‘हे चांगलं, हे कमी पडलं’ असं जाहीरपणे म्हणणारा बाहेरचा कान भेटला नाही.

आज घराघरांत तो टेपरेकॉर्डर आहे, खिशात. दार लावून, पंखा बंद करून, कुणी भावगीत म्हणतं, कुणी इंग्रजी गाणं, आणि मधेच एखादं स्वतःचं. ते आपल्याला पाठवलं जातं आणि आपण एक अंगठा दाखवून मोकळे होतो. आमची विनंती एवढीच, की असं गाणं आलं तर ते दोनदा ऐका. दुसऱ्याचं गाणं असेल तर नक्कल कुठे संपते ते शोधा. स्वतःचं असेल तर त्यातल्या ‘मी’ला पाठवणाऱ्याचं चरित्र समजू नका, गाणं कुठे वळतं ते बघा. आणि मग जे ऐकू आलं ते त्या माणसाला सांगा, उणं असेल तर उणंही. अंगठ्यापेक्षा त्याला अधिक वेळ लागतो. पण गाणाऱ्याने त्याहून अधिक वेळ दिलेला असतो, आणि ऐकणारा हयात असताना ऐकला गेल्याचं समाधान त्याला देणं आपल्या हातात असतं.