उसना पोत

फोटोशॉपमधील ब्रश हा मुळात शिक्का असतो. करड्या छटांतील एका लहान प्रतिमेचा काळा भाग पूर्ण रंग सोडतो, पांढरा काहीच सोडत नाही आणि मधल्या छटा आपापल्या प्रमाणात रंग देतात. स्टायलस सरकतो तसे ठरावीक अंतराने ठसे उमटतात. अंतर पुरेसे कमी असले की त्यांचीच रेषा दिसते. कोन, आकार आणि विखुरणे यांत थोडी यदृच्छा मिसळली, वर कागदाच्या पोताचा थर दिला, की कोळसा किंवा कोरडा कुंचला फिरल्याचा भास तयार होतो. फ्रॅक्टल डिझाइन पेंटरने १९९१ मध्येच कागदाचा खरखरीतपणा पडद्यावर आणला होता. फोटोशॉपमध्ये ब्रशवरचे असे बारीक नियंत्रण २००२ च्या सातव्या आवृत्तीत आले. आज प्रोक्रिएट आणि क्रिटा यांतही ते आहे, आणि तंत्राबद्दल तक्रार करावी असे फारसे उरलेले नाही.

तक्रार आहे ती या तंत्रातून निघणाऱ्या चित्रांबद्दल. मुखपृष्ठ असो, मासिकातले रेखाटन असो वा ॲपमधली सजावट, सगळीकडे सपाट रंगाचा आकार आणि त्याच्या एका कडेला तीच कणीदार सावली दिसते. चंद्रालाही ती, आजीच्या गालालाही तीच. शेजारी हाफटोनचे ठिपके आणि किंचित सरकलेला दुसरा रंग, म्हणजे छपाईची चूक झाल्याचा आव. हाच सरकलेला रंग २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये अर्थपूर्ण होता. तिथे कॅमेऱ्याच्या धूसरपणाऐवजी रंग एकमेकांपासून सरकवून खोली दाखवली होती. त्या चित्रपटाची नक्कल करणाऱ्यांनी ठिपके उचलले, कारण मात्र मागेच ठेवले. चकचकीत, तेलरंगाचा भास देणाऱ्या डिजिटल व्यक्तिचित्रांची गोष्ट तर याहूनही पुढची; त्यांत पाहण्यासारखे काही नाही.

तयार ब्रशसंचांचा कळस २०१७ मध्ये झाला. ॲडोबी आणि ओस्लोचे मुंक संग्रहालय यांनी एडवर्ड मुंकच्या जतन केलेल्या कुंचल्यांवरून सात डिजिटल ब्रश बनवून घेतले. ते काइल वेबस्टर यांनी घडवले, आणि त्याच वर्षी वेबस्टर यांचा सारा ब्रशसंग्रह ॲडोबीने विकत घेतला. कारागिरी उत्तम होती, पण कल्पनाच चुकीची होती. मुंकचा पोत त्याच्या कुंचल्यात नव्हता. १८९३ चे ‘द स्क्रीम’ पुठ्ठ्यावर आहे आणि तो उघडा पुठ्ठा चित्रात बोलतो. ‘द किस’च्या १९०२ च्या काष्ठमुद्रेत तर त्याने लाकडी फळीवरील रेषाच पार्श्वभूमी म्हणून छापल्या; दोन माणसांचा एकजीव झालेला आकार त्या उभ्या रेषांत उभा आहे. लाकूड त्याने निवडले, शाई कुठे धरेल ते जोखले आणि मग त्या लाकडाला चित्रात जागा दिली. फळीचा हा धडा सोडून कुंचल्याची प्रतिकृती वाटली गेली.

हा धडा घेतलेले चित्रकार आजही आहेत, आणि डिजिटल चित्रकलेतले खरे काम त्यांच्याकडेच चालू आहे. जॉन क्लासन याचे ‘धिस इज नॉट माय हॅट’ (२०१२) हे चित्रपुस्तक चिनी शाई आणि संगणक यांच्या जोडीने झाले. त्यातले पाणी पानोपान काळे आहे. मोठा मासा जवळजवळ काहीच करत नाही, फक्त त्याचा डोळा बदलतो. त्याचे वजन, वय आणि संथपणा अंगावरच्या डागाळ पोतातून कळतो. तो पोत काढून घेतला तर मासा उरत नाही. पोत गरजेचा आहे की नाही, हे तपासायला याहून चांगली कसोटी नाही.

स्वतःचा ब्रश बनवणे अवघडही नाही. शाईचा फराटा, घासलेला खडू किंवा भिंतीचा पोपडा स्कॅन करायचा, रंग काढून टाकायचे, कागदाचा करडेपणा पूर्ण पांढरा होईपर्यंत लेव्हल्स ओढायच्या आणि उरलेला आकार ब्रश म्हणून नोंदवायचा. अडचण नंतर येते. टोकातला एखादा ठळक डाग प्रत्येक ठशात परतून येतो आणि डोळा तोच पकडतो. तो पुसावा लागतो, कोन फिरता ठेवावा लागतो, एकाच पृष्ठभागाचे चार-पाच ब्रश करून आलटूनपालटून वापरावे लागतात. या खटपटीत चित्रकाराला त्या पृष्ठभागाची ओळख होते. विकत घेतलेल्या संचात ती ओळख दुसऱ्याचीच राहते.

छपाईतही फरक उघडा पडतो. ३०० पीपीआयच्या चित्रात एक-दोन पिक्सेलचे कण इंचाला १५० ओळींच्या ऑफसेट जाळीत गिळले जातात. जाळीचा एकेक ठिपकाच दोन पिक्सेल रुंद असतो. पडद्यावर मोहवणारी कणी कागदावर नुसती मळकट छटा होते. स्वतः पोत घडवणारा चित्रकार तो छापाच्या मापाने मोठा करतो.

चित्रकार डेव्हिड हॉकनी याने तर भासाचा मोहच टाळला. २०२० च्या वसंतात नॉर्मंडीत आयपॅडवर केलेली त्याची ११६ चित्रे २०२१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत लागली. गवताचे फटकारे आणि पावसाच्या रेघा काचेवर काढल्याचे ती चित्रे लपवत नाहीत. तेलरंगाचे ढोंग त्यांत नाही, म्हणूनच ती ताजी आहेत.

उसन्या पोताचा सर्वांत वाईट प्रकार मात्र घराजवळ घडतो. वारली आकृत्यांचे तयार ब्रश वापरले जातात. एक टिचकी मारली की दोन त्रिकोणांचा माणूस, फिरवले की नाच. वारली चित्र गेरू किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढले जाते. काडीतले पीठ संपत आले की रेषा विरते, पुन्हा बुडवली की जाड होते. तारपा वाद्याभोवतीच्या नाचाच्या वेढ्यात माणसे एका साच्याची असली तरी प्रत्येकाचा झोक निराळा असतो, कारण प्रत्येक आकृती नव्याने काढलेली असते. लग्नाचा चौक तर सवाशिणींनी काढायचा असतो. शिक्क्याने यातले सगळे काढून टाकले आणि केवळ बाह्याकार ठेवला. वर त्याला वारलीच म्हटले जाते. हे नाव अशा संचांवरून उतरले पाहिजे. प्रकाशकांना आणि जाहिरातदारांना वारली चित्रे हवी असतील, तर ती डहाणू-तलासरीकडच्या चित्रकारांकडून, त्यांचे नाव छापून आणि पूर्ण मानधन देऊन काढून घेतली पाहिजेत.