‘चीत’ आणि ‘बाद’ : आकाशवाणीवरील मराठी क्रीडासमालोचनाची भाषा

आकाशवाणीवरील मराठी क्रिकेट-समालोचनाचा गौरव बहुधा एकाच अंगाने केला जातो. त्याने नवे शब्द रूढ केले, इंग्रजीचा भार हलका केला, असे म्हटले जाते. हे खरे आहे. परंतु शब्दसंख्या मोजून एखाद्या बोलीव वाङ्मयाची परीक्षा होत नाही. ते वाङ्मय कोणासाठी बोलले गेले आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्याने काय उभे केले, हा खरा प्रश्न आहे. त्या दृष्टीने मुंबईच्या प्रेक्षागारातील श्रोता विचारात घेऊन फारसे हाती लागत नाही. ज्याने कसोटी सामना कधी पाहिलाच नाही, असा दूरचा श्रोता घ्यावा लागतो.

मलकापूर हे शाहूवाडी तालुक्यातील गाव अशा श्रोत्याचे उत्तम स्थान आहे. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आंबा घाट लागण्याआधी ते येते. एके काळी ते विशाळगड जहागिरीचे ठाणे होते. या मुलखाला कुस्ती डोळ्यांनी ठाऊक. तालमीची माती, जत्रेतील फड, हलगीचा ताल यांचा परिचय येथे कोणास करून द्यावा लागत नाही. क्रिकेट मात्र आले ते कानांनी. पुणे केंद्र १९५३ साली आणि सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले; पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाला, आणि ज्याचे मैदान कधी पाहिले नाही त्या खेळाची चर्चा चहाच्या दुकानात होऊ लागली. पाहिलेली कुस्ती आणि ऐकलेले क्रिकेट यांची गाठ या श्रोत्याच्या मनात पडते. आणि ती गाठ समालोचनाच्या भाषेतच आधीपासून मारलेली आहे, याकडे अभ्यासकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही.

फलंदाज खेळातून जाण्याचे जे प्रकार आहेत त्यांची मराठी नावे पाहावीत. त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत. आणि दुसऱ्या बाजूस झेलबाद, धावबाद. ‘चीत’ हा शब्द आखाड्यातला. पाठ मातीला लागली की मल्ल चीत झाला. ‘बाद’ हा शब्द जमाखर्चातला. हिशेबातून वगळले ते बाद. इंग्रजीत या सर्व प्रकारांना कुस्तीचा वा हिशेबाचा वास नाही. तो मराठीने दिला, आणि सरसकट दिला नाही, निवडून दिला. जेथे फलंदाज आपल्या जागी, यष्टींपुढे, समोरासमोर हरतो तेथे ‘चीत’. जेथे चेंडू किंवा धाव त्या जागेपासून दूर जाते आणि तिसऱ्याच कोणाच्या हातून निकाल लागतो तेथे ‘बाद’. स्वतःच्याच बॅटीने यष्टी पाडणाऱ्यास ‘स्वयंचीत’ म्हणतात, हेही या न्यायाला धरूनच आहे. कोणी न पाडता तो आपणच पाठीवर पडला. गोलंदाजाने आपल्याच चेंडूवर झेल घेतला तर तो निखळ द्वंद्वाचा निकाल असूनही ‘झेलबाद’च राहतो, हा अपवाद खरा. शब्द सभेत ठराव करून घडत नाहीत; वृत्तपत्रांच्या घाईत आणि समालोचकांच्या तोंडी ते रुळतात, आणि एखादा कोपरा तिरका राहतो. तरीही विभागणीचा एकंदर कल स्पष्ट आहे. मलकापूरच्या श्रोत्याला पायचीतचा नियम समजावून सांगणे कठीण. त्याच्या पायामुळे तो चीत झाला, हे मात्र त्याला शब्दातच कळते.

याच रीतीने ‘गोलंदाज’ हा मराठी फौजेच्या तोफखान्यातला माणूस क्रिकेटमध्ये आला, त्याच्या नमुन्यावर ‘फलंदाज’ घडला, आणि हरलेला वीर ‘तंबूत’ परतू लागला. ‘डाव’ हा शब्द तर दोन्ही खेळांत आहे. आखाड्यात धोबीपछाड हा डाव, ढाक हा डाव. क्रिकेटमध्ये सबंध संघाची खेळी हा डाव. एका क्षणाचा डाव आणि दीड दिवसाचा डाव! कुस्तीच्या कानाने क्रिकेट ऐकणाऱ्याला सर्वांत मोठा फेरबदल करावा लागला तो काळाच्या मापात.

वाक्यरचनेचा विचार शब्दांहून अधिक महत्त्वाचा आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. धावत्या वर्णनात ही मोठी अडचण ठरावी. कारण घटना आधी घडते आणि तिचे क्रियापद मागाहून पोचते. ‘चेंडू उंच हवेत, मिडऑनचा क्षेत्ररक्षक मागे धावत, दोन्ही हात पुढे करून तो झेल...’ येथपर्यंत ऐकणाऱ्यास काहीच कळलेले नसते. ‘घेतो’ की ‘सोडतो’ हे एका शब्दावर लोंबकळत राहते. चांगल्या समालोचकांनी या दोषाचा गुण केला. निकालाच्या क्षणी त्यांनी क्रियापद मुद्दाम रोखून धरले, आणि एरवीच्या चेंडूंसाठी ते गाळूनच टाकले: ‘पुढचा चेंडू. आखूड टप्प्याचा. फलंदाज मागे. धाव नाही.’ ही क्रियापदाविना चालणारी तुटक वाक्ये मराठी गद्याला अपरिचित नव्हती. पण सहा चेंडूंच्या षटकाच्या ठेक्यावर ती दिवसभर चालवणे हे आकाशवाणीचे कर्तृत्व आहे. हा ठेका ज्यांना साधला नाही, त्यांचे वर्णन चेंडूच्या मागे एक चेंडू राहत असे, आणि प्रेक्षकांचा गलबला आधी, वाक्य नंतर, असा हास्यास्पद प्रकार घडे.

एका बाबतीत मात्र हे समालोचन उणे पडले. क्रिया मराठीत आल्या, जागा आल्या नाहीत. स्लिप, गली, कव्हर, पॉइंट, मिडऑन ही नावे तशीच राहिली. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या मुलाला ती दिशा दाखवीत; खेळ न पाहिलेल्याला ती नुसती ध्वनिरूप होती. वास्तविक ‘यष्टीमागे’, ‘सीमारेषेजवळ’, ‘गोलंदाजाच्या डोक्यावरून’ असे साधे मराठी शब्दप्रयोग जेथे वापरले गेले तेथे चित्र तात्काळ उभे राहते. सर्वच नावांचे मराठीकरण करावे असा हट्ट येथे अभिप्रेत नाही. तसे झाले असते तर त्याचे विडंबनच झाले असते. पण नावासोबत दिशा सांगण्याचे कष्ट घेणे, हे न पाहणाऱ्या श्रोत्याबद्दलचे सौजन्य होते.

या परंपरेच्या पूर्वपीठिकेत बॉबी तल्यारखान यांचे नाव घ्यावे लागते. १९३४ पासून मुंबईच्या सामन्यांचे इंग्रजी वर्णन ते एकहाती, दिवसभर करीत. मराठीत हे आसन बाळ ज. पंडित यांनी प्रतिष्ठित केले. ते स्वतः रणजी करंडकात महाराष्ट्राकडून खेळलेले. २०१५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. वि. वि. करमरकर यांच्यासारख्या क्रीडापत्रकारांनीही ध्वनिक्षेपक हाती घेतला. याहून निराळी जात विजय मर्चंट यांच्या विविध भारतीवरील रविवारच्या कार्यक्रमाची. ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ हे धावते वर्णन नव्हते, खेळाविषयीचे बोलणे होते. देशभर ऐकले जाणारे, संयत, आणि इंग्रजी. १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष म्हणून निर्णायक मत देऊन अजित वाडेकर यांना कर्णधार करणारा गृहस्थ तेथे बोले, म्हणून त्या बोलण्यास वजन होते. पण इंग्रजी न जाणणाऱ्या मलकापूरकराला तो दरवाजा बंदच. मर्चंट खेळाचा न्याय करीत. मराठी समालोचकाला आधी खेळ उभा करावा लागे. दोहोंची तुलना करताना हा फरक विसरून मराठी समालोचनाला ‘विश्लेषण कमी’ असा दोष देणे अन्यायाचे होईल.

कुस्तीचे निवेदन हा याचा नेमका उलटा प्रकार. शाहू महाराजांनी बांधलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ मध्ये पुरे झाले. अशा मैदानावर निवेदक ज्यांच्याशी बोलतो ते सारे समोर पाहतच असतात. मग तो सांगतो काय? शिरोळ तालुक्यातील कोथळीचे शंकरराव पुजारी हे या कलेतील ख्यातनाम नाव. पट कसा निघाला हे त्या प्रेक्षकाला सांगणे व्यर्थ. मल्ल कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, गाव कोणते, बापाने कोणते मैदान मारले, हे सांगावे लागते. निवेदन डोळ्यांपुढील क्षणाला वंशावळ जोडते. आकाशवाणी न दिसणाऱ्याला दिसते करी. फडावरचा निवेदक दिसणाऱ्याला स्मरण देई. जत्रेच्या गावी या दोन्ही कला एकाच श्रोत्याने ऐकल्या, हे या भागाचे भाग्य म्हटले पाहिजे.

आता एका लाडक्या रूपकाचा विचार. सामना वाचवणाऱ्या तळाच्या फलंदाजांनी ‘खिंड लढवली’, असे मराठी समालोचक व पत्रकार हटकून म्हणतात. १६६० सालची बाजीप्रभूंची पावनखिंड शाहूवाडी तालुक्यातच आहे. मलकापूरच्या श्रोत्याला ती वाक्प्रचार नाही, वाट आहे. म्हणून त्याच्या कानाने हे रूपक तपासले की त्याचा सैल वापर खटकतो. खिंड लढवणारा स्वतः टिकावा म्हणून लढत नव्हता. दुसरा कोणी विशाळगडास पोचावा म्हणून लढत होता. एका टोकाला अकरावा खेळाडू उभा राहिला आणि दुसऱ्या टोकाच्या साथीदाराने विजयाच्या धावा काढल्या, तर ते रूपक शंभर टक्के सार्थ. केवळ आपला त्रिफळा वाचवत चहापानापर्यंत वेळ काढणाऱ्यास ते बहाल केले की शब्दाचे मोल उतरते. प्रत्येक अनिर्णित सामन्यात एक बाजीप्रभू निपजू लागला, तेव्हा श्रोत्यांनी ते नाव ऐकून दचकणे सोडून दिले.

दूरचित्रवाणी घरोघर गेली आणि कानाच्या क्रिकेटचे दिवस सरले. पुढे २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने मराठी समालोचनही दिले; त्यात फलंदाज, षटक, पायचीत हे आकाशवाणीचे सारे धन आयते वापरले गेले. परंतु त्या श्रोत्याला चित्र दिसत असते. त्याला ‘चेंडू सीमापार’ हे सांगणे खासबागेत ‘पट काढला’ असे ओरडण्यासारखे आहे. डोळ्यांनी पाहणाऱ्यांशी मराठीत कसे बोलावे, याची घडलेली रीत कोल्हापूरच्या फडावर आहे. फलंदाज कोणत्या मैदानावर, कोणत्या गुरूच्या हाताखाली घडला, हा फटका त्याने कोठून उचलला, हे सांगण्याची ती रीत. पडद्यावरच्या समालोचकांनी शब्द रेडिओचे घेतले आणि काम मात्र ना रेडिओचे केले, ना फडाचे.