उमेदवारीची भाषा

'उमेदवार' हा शब्द निवडणुकीच्या फलकावर चढला, त्याच्या कितीतरी आधी तो सरकारी कचेरीत मांडी घालून बसत असे. हस्ताक्षर बरे असलेला आणि घरून दोन वेळची भाकरी मिळण्याची सोय असलेला तरुण कारकुनाच्या शेजारी बसून बिनपगारी नकला करी, आणि कधीतरी जागा रिकामी होईल या उमेदीवर वर्षे काढी. ती उमेदवारी आता 'इंटर्नशिप' या नावाने परत आली आहे आणि थेट साता समुद्रांपलीकडे गेली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या दहशतवादविरोधी कार्यालयातही विद्यार्थ्यांना अशी उमेदवारी करता येते. तिच्याविषयी लिहिताना मी कायदेपंडिताचा आव आणणार नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. परंतु भाषा मनाला कोणते वळण लावते, हा प्रश्न माझ्या दोन्ही व्यवसायांत रोज येतो, आणि त्याच बाजूने मला या उमेदवारीकडे पाहावयाचे आहे.

प्रथम व्यवहार पाहू. हे कार्यालय 2017 साली आमसभेच्या ठरावाने न्यूयॉर्क येथे स्थापन झाले. राष्ट्रसंघाच्या सचिवालयाचा रिवाज असा की पदवीच्या शेवटच्या वर्षातला, पदव्युत्तर वर्गातला किंवा नुकताच उत्तीर्ण झालेला विद्यार्थी दोन ते सहा महिने काम करतो. टिपणे काढावयाची, अहवालांसाठी माहिती जमवावयाची, बैठकांची तयारी करावयाची. वेतन मात्र नाही. प्रवास, व्हिसा, राहणे, खाणे हे ज्याचे त्याने पाहावयाचे. युनिसेफसारख्या काही संस्था विद्यावेतन देतात. सचिवालय देत नाही. 2015 साली जिनिव्हात राष्ट्रसंघाचा असा एक उमेदवार तंबूत राहू लागला आणि जगभर बभ्रा झाला. लोकांचे लक्ष वेधण्यासाठीच आपण ते केले, असे त्याने पुढे सांगितले. पण तेवढ्याने प्रश्न खोटा ठरत नाही.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, 2017 सालीच महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान 20 आठवड्यांची उमेदवारी नियमानेच करावी लागते. बीड-परभणीकडच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीने त्यासाठी न्यूयॉर्ककडे पाहिले, तर तिथले घरभाडे तिने कोठून आणावे? जुन्या कचेरीतला नियम अजून कायम आहे. घरून भाकरी येते त्यालाच उमेद बाळगता येते.

पैशाची अडचण दूर झाली तरी माझी मुख्य शंका शिल्लक उरते. ज्या शब्दाभोवती हे सारे कार्य उभे आहे, त्याची सर्वमान्य व्याख्याच राष्ट्रसंघाजवळ नाही. आंतरराष्ट्रीय दहशतवादाविरुद्ध एक सर्वंकष करार व्हावा म्हणून भारताने 1996 साली मसुदा मांडला. तो अद्याप संमत झालेला नाही. स्वातंत्र्यलढा कोणता आणि दहशत कोणती, एखाद्या राज्याच्या सैन्याच्या कृत्यांना हा शब्द लावावा की नाही, इथे घोडे अडले आहे. मराठवाड्याच्या माणसाला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. 1948 पर्यंत आमच्या खेड्यांवर रझाकारांची दहशत होती, आणि त्यांच्याशी झुंजण्यासाठी शिक्षण सोडून सरहद्दीवरच्या छावण्यांत गेलेले तरुण निजाम सरकारच्या लेखी गुन्हेगार होते.

मधला शब्द असा पोकळ राहिला म्हणजे भोवतीचे शब्द फुगतात. 'हिंसक अतिरेकाला प्रतिबंध', 'क्षमतावर्धन', 'संबंधित घटकांचा सहभाग' अशा शब्दांनी अहवाल भरतात. ही भाषा बहुतेक कर्मणी प्रयोगात चालते. तिच्यात गोष्टी केल्या जातात, बळकट केल्या जातात, विचारात घेतल्या जातात. पण करणारा दिसत नाही आणि सोसणाराही दिसत नाही. बावीस वर्षांच्या मुलाने सहा महिने अशीच वाक्ये लिहिली, तर लेखणीचे ते वळण पुढे मोडत नाही.

एक तारीख घेऊन पाहा. 8 सप्टेंबर 2006 रोजी आमसभेने जागतिक दहशतवादविरोधी धोरण संमत केले. कोणत्याही उमेदवाराला ही तारीख पहिल्याच आठवड्यात पाठ होत असेल. त्याच दिवशी, शुक्रवारी, शब-ए-बारातला, आमच्यापासून फार दूर नसलेल्या मालेगावात मशिदीजवळ आणि कब्रस्तानापाशी स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक मुसलमान होते. या गुन्ह्यासाठी नऊ मुसलमानांना अटक झाली. पुढे तपास हातोहात फिरला, वर्षे गेली आणि 2016 साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांच्यावरील आरोप काढून टाकले. एकाच दिवसाच्या पोटात हे दोन इतिहास आहेत. त्या धोरणात मानवी हक्क आणि कायद्याचे राज्य हा चौथा स्तंभ म्हणून सांगितला आहे, आणि तो सांगणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण त्या स्तंभाचा अर्थ न्यूयॉर्कच्या कागदावर कळत नाही. तो मालेगावच्या खटल्याचे कागद वाचताना कळतो.

याच दरबारात दुसरी भाषाही एकदा ऐकू आली होती. 15 डिसेंबर 2022 रोजी मुंबईच्या कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी दूरदृश्य यंत्रणेवरून सुरक्षा परिषदेला आपला अनुभव सांगितला. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री हल्लेखोर रुग्णालयात शिरले, तेव्हा त्यांनी सुमारे 20 गर्भवती स्त्रियांना आडोशाच्या खोलीत नेले होते. पुढे न्यायालयात त्यांनी कसाबला ओळखले. इथे करणारी आहे, सोसणाऱ्या आहेत, रात्र आहे, खोली आहे. लेखक म्हणून मला विचाराल, तर या विषयावरच्या गद्याची कसोटी इथे आहे.

यावर कोणी म्हणेल, राज्यकारभार कथा सांगून चालत नाही. अनेक देशांना एका कागदावर आणावयाचे तर शब्द सपाटच लागतात. हे मला मान्य आहे. अशी कार्यालये नकोत, किंवा आमच्या मुलांनी तिकडे जाऊ नये, असे मी म्हणत नाही. उलट जावे, आणि त्यांना विद्यावेतन मिळावे. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी आपल्या मुलखातील एखाद्या खटल्याचा निकाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा. स्फोटात माणूस गेलेल्या घरी आणि निर्दोष सुटून आलेल्या घरी, दोन्हीकडे बसावे, आणि जे कळले ते आपल्या मातृभाषेत, कर्ता-कर्म न लपवता, दोन पाने लिहावे. एवढे केलेला विद्यार्थी मग न्यूयॉर्कची परिभाषा खुशाल शिको. ती त्याला गिळणार नाही.

हा आग्रह शैलीपुरता नाही. आमच्या शहरातील वर्गांत हिंदू आणि मुसलमान मुले एका बाकावर बसतात. उद्या त्यांच्यापैकी एकजण अहवाल लिहील आणि दुसऱ्याच्या मोहल्ल्याचे नाव त्या अहवालात येईल. 'संशयित' हा शब्द तिथे लिहावा की नाही, हे ठरवताना त्याच्याजवळ नुसती परिभाषा असेल, की बाकावरच्या मित्राची ओळखही असेल, ते त्याची उमेदवारी कोठे सुरू झाली यावर अवलंबून राहील.