आठ, दोन, एक

डेव्हिड एम्बरी हा न्यूयॉर्कमधला वकील. कर-कायद्याचा. दारूच्या धंद्याशी त्याचा संबंध फक्त पिण्यापुरता आणि पाहुण्यांना पाजण्यापुरता, आणि १९४८ साली आलेलं त्याचं 'द फाइन आर्ट ऑफ मिक्सिंग ड्रिंक्स' वाचताना हे पानोपानी जाणवतं. बारटेंडर लिहितो तेव्हा कृती देतो. हॅरी क्रॅडॉकचं १९३० सालचं 'सॅव्हॉय कॉकटेल बुक' उघडून बघा: शेकडो पेयं एकाखाली एक, वर्णक्रमाने. अमुक एवढं का, हे विचारायची सोय नाही. एम्बरी मात्र आधी खटला उभा करतो. कॉकटेल जेवणाआधीचं पेय आहे, त्याने भूक वाढायला हवी, म्हणून ते गोड असता कामा नये. मूळ दारू निम्म्याहून कमी नको, तिची चव झाकायची नाही. बाकीचे घटक तिला साथ द्यायला आहेत.

हा मुद्दा मला लागला. आमच्याकडे बाबांची क्वार्टर वर्तमानपत्रात गुंडाळून यायची. ते बाल्कनीत उभ्याउभ्या, पाणी घालून, तोंड वाकडं करत संपवायचे आणि लगेच चव मारायला मूठभर शेंगदाणे. मी इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर हेच शिकलो, फक्त पाण्याच्या जागी कोला आला. घरात दोन पिढ्या दारू पितायत आणि चव कोणालाच नकोय. मग प्यायची कशाला, हा प्रश्न एम्बरी सरळ विचारत नाही, पण त्याच्या युक्तिवादातून तो तुमच्यावर येऊन आदळतो. त्या अर्थाने हे पाककृतींचं पुस्तक नाहीच.

त्याने सहा मूळ पेयं मानली आहेत: मार्टिनी, मॅनहॅटन, ओल्ड फॅशन्ड, डायकिरी, साइडकार आणि जॅक रोझ. (जॅक रोझला सफरचंदाची ब्रँडी लागते. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ती मागितल्यावर मला अॅपल फ्लेवरची व्होडका दाखवण्यात आली.) आंबट पेयांसाठी त्याचं सूत्र म्हणजे आठ भाग दारू, दोन भाग लिंबू, एक भाग साखरेचा पाक. आपल्या मापात हे मस्त बसतं. ६० मिली पांढरी रम, १५ मिली लिंबाचा रस, साडेसात मिली पाक. साडेसातसाठी मी मेडिकलमधून सिरिंज आणली. शेकर म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गाळायला चहाची गाळणी.

पहिला घोट भयंकर होता. लिंबू पिळलेली रम, बस. वकील हरला, असं मी जाहीर करून टाकलं. पण चूक माझी होती. एम्बरीचा पाक आज सर्रास वापरतात त्या एकास एक पाकापेक्षा कितीतरी घट्ट आहे. मी पातळ पाक घालून त्याला नावं ठेवत होतो. पाक घट्ट केल्यावर पेय सावरलं. तरी आंबट होतंच, कारण आपलं कागदी लिंबू तिखट. त्यात फ्रिजमधला बर्फ, ट्रेमधून काढताकाढताच ओला झालेला. तो हलवताना भराभर वितळतो आणि मोजून घातलेल्या साडेसात मिलीत न मोजलेलं पाणी मिसळतं. प्रमाण छापता येतं, लिंबू आणि बर्फ छापता येत नाहीत. इथपर्यंत मी एम्बरीच्या बाजूने आहे.

साइडकारपाशी मात्र त्याचा युक्तिवाद फसतो. इथे रमच्या जागी कोन्याक येते, आणि पाकाच्या जागी क्वाँत्रो, म्हणजे संत्र्याच्या सालीची गोड दारू. प्रमाण तेच, आठ, दोन, एक. पण क्वाँत्रो म्हणजे पाक नव्हे. तिच्यात ४० टक्के अल्कोहोल आहे आणि गोडी घट्ट पाकाच्या मानाने बरीच कमी. तिने पाकाची जागा घेतली म्हणून ती पाकाचं काम करेल, हे गृहीत धरणं म्हणजे दोन फंक्शनची नावं सारखी म्हणून आतला कोड न वाचणं. मित्राने विमानतळावरून आणलेल्या कोन्याकचे ६० मिली मी यावर घालवले. हाती आलं ते कोरडं, आंबट आणि रागीट पेय. क्वाँत्रो तिप्पट केली तेव्हा कुठे संत्रं जाणवलं. गोडाबद्दलचा एम्बरीचा तिटकारा इथे विचार राहत नाही, सवय होते. स्वतःच्या जिभेला तो नियम समजतो आणि वकिली भाषेमुळे आपल्यालाही तसंच वाटू लागतं. या पुस्तकाची ताकद आणि खोट, दोन्ही त्या भाषेतच आहेत.

बाबांनी पिणं सोडून सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत ते माझ्याकडे आले होते, तेव्हा ओट्याशी उभे राहून बराच वेळ माझी सिरिंज बघत होते.

"एवढं मोजून पितात होय?"

"हो. आणि एवढंच पितात, बाबा."

ते काही बोलले नाहीत. माझं उरलेलं अर्धं लिंबू त्यांनी पेलाभर पाण्यात पिळलं, डब्यातून चमच्याने साखर घातली, चिमूटभर मीठ टाकलं, ढवळून एक घोट घेतला आणि परत थोडी साखर घातली. मग पेला माझ्यापुढे धरला. त्यात काहीही कमीजास्त नव्हतं.