'स्मशानातील सोनं' : भीमाच्या निर्णयाचा अन्वयार्थ

प्रस्तावना :

अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्या विशेष परिचित कथांमध्ये 'स्मशानातील सोनं' या कथेचा समावेश होतो. या कथेचा नायक भीमा प्रेतांसोबत गेलेले सोने शोधून संसार चालवण्याचा मार्ग पत्करतो आणि शेवटी हाताची दोन बोटे गमावतो. पाप, लोभ आणि त्याचे फळ अशा क्रमाने ही कथा वाचणे सोपे आहे. मात्र अशा वाचनात भीमाच्या निर्णयाचे स्वरूप हरवते. हा निर्णय तो कोणत्या परिस्थितीत घेतो, तो टप्प्याटप्प्याने कसा बदलत जातो आणि लेखक त्याचा न्यायनिवाडा कशाच्या आधारे करतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निर्णयाची पार्श्वभूमी :

भीमा वारणाकाठचा. अंगात अचाट ताकद असूनही गावात काम नाही, म्हणून तो मुंबईच्या उपनगरात येतो. डोंगरालगतच्या दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. काही महिन्यांनी खाण बंद पडते आणि घरी बायको व लहानगी नाबदा यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भीमाने काम सोडलेले नाही, कामाने त्याला सोडले आहे. प्रेमचंदांच्या 'कफन' या कथेतही मृत्यूचा पैसा जिवंतांच्या पोटात जातो. परंतु तेथील घीसू आणि माधव यांचा श्रमावरचा विश्वासच उडालेला आहे. भीमाचा तसा उडालेला नाही. त्यामुळे त्याचा निर्णय आळसातून आलेला नसून वापराविना पडून राहिलेल्या श्रमशक्तीतून आलेला आहे.

निर्णयाचे टप्पे :

भीमाचा निर्णय एका क्षणी होत नाही. हताशपणे परतत असताना नदीकाठच्या राखेच्या ढिगाऱ्यात त्याला सोन्याची अंगठी सापडते. हा पहिला टप्पा योगायोगाचा आहे. त्यानंतर तो राख चाळू लागतो. येथे योगायोगाचा व्यवसाय होतो. पुढे तो पुरलेली प्रेते उकरू लागतो. राखेतील सोने बेवारस मानता येते, पण गाडलेल्या देहावरील सोने तसे मानता येत नाही. नैतिक सीमारेषा ओलांडली जाते ती येथे; आणि लेखक ती गाजावाजा न करता ओलांडू देतो, कारण भीमाला स्वतःलाही ती जाणवलेली नाही.

पत्नीचा आक्षेप भुताखेतांच्या भीतीचा आणि लोकापवादाचा आहे. त्यावर भीमाजवळ उत्तर तयार असते. गरिबाच्या राखेत सोने निघत नाही, ते धनिकाच्याच राखेत निघते, हे त्याने अनुभवाने ओळखले आहे. मृत्यूनंतरही न मिटणारी विषमता त्याला राख चाळताना दिसते. मात्र त्याचा हा युक्तिवाद खरा असला तरी पुरेसा नाही. कथेच्या आरंभीच शेजारच्या गावातील सावकार मेल्याची वार्ता ऐकून भीमा आनंदित होतो. परक्याचे मरण ही ज्याच्या घरी शुभवार्ता ठरते, त्याने पोटासाठी काय गमावले आहे हे लेखकाने या एका तपशिलातून दाखवले आहे. भीमाविषयीच्या सहानुभूतीपायी हा तपशील नजरेआड करणे म्हणजे कथेवर अन्याय करणे होय.

अखेरच्या रात्री कोल्ह्यांच्या कळपाशी झुंजून भीमा प्रेत ताब्यात घेतो. अंगावरील सोने हाती आल्यावर त्याला प्रेताच्या मुखातील सोन्याची आठवण होते. परतण्याची संधी असतानाही तो पहारीने जबडा उघडतो आणि त्याची बोटे त्यात अडकतात. आता त्याला भूक ढकलत नसून धंद्याची रीत ढकलत आहे. खाणीत दगडाचा एकही थर न सोडणारा कामगार येथेही काही शिल्लक ठेवू इच्छित नाही. श्रमाचा गुणच विपरीत ठिकाणी घातक ठरतो.

शेवटाचा अर्थ :

जखमी भीमाची दोन बोटे डॉक्टरांना कापावी लागतात आणि त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. ती ऐकून भीमा लहान मुलासारखा रडतो. ही बातमी नसती तर कथा दंडकथा झाली असती. भीमा पकडला गेला म्हणून किंवा पाप केले म्हणून रडत नाही. डोंगर फोडणारी बोटे गेली, हे त्याचे दुःख आहे. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनपर भाषणात अण्णा भाऊंनी ही पृथ्वी दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरलेली असल्याचा विचार मांडला होता. त्या विचाराच्या प्रकाशात भीमाच्या तुटलेल्या बोटांना वेगळे मोल प्राप्त होते. येथे हात हीच श्रमिकाची एकमेव मालमत्ता आहे आणि तीच खर्ची पडली आहे.

खाण सुरू होण्याची वेळ योगायोगाची वाटते, असा आक्षेप घेता येईल. परंतु खाण बंद होणे आणि सुरू होणे या दोन्ही गोष्टी भीमाला न विचारता घडतात. त्याच्या जीवनाचे खरे निर्णय अन्यत्र होतात. त्याच्या वाट्याला येतात ते केवळ परिणाम. म्हणूनच हा योगायोग कथेच्या आशयाशी सुसंगत ठरतो.

निष्कर्ष :

भीमाला निर्दोष ठरवणे किंवा दोषी ठरवणे, यांपैकी कोणताही पर्याय ही कथा वाचकाला सहजासहजी देत नाही. पहिले पाऊल त्याने नाइलाजाने टाकले. शेवटचे पाऊल त्याचे स्वतःचे होते. या दोन्ही पावलांमधील अंतर अण्णा भाऊंनी प्रामाणिकपणे मोजले आहे. नायक आपल्याच वर्गातला आहे म्हणून त्यांनी त्याचा अपराध झाकला नाही आणि अपराध दाखवताना त्याची भूकही विसरू दिली नाही. या कथेचे सामर्थ्य त्यातच आहे.