पाहुण्याला प्रश्न कोण विचारणार?

‘चला हवा येऊ द्या’मध्ये भाऊ कदम नुसते येऊन उभे राहिले तरी प्रेक्षक हसायला लागायचे. नटाची ही ताकद मराठी विनोदी कार्यक्रमांकडे आजही भरपूर आहे. उणीव आहे ती दुसरीकडे. प्रहसनं आणि गप्पा यांची सांगड घालणाऱ्या या कार्यक्रमप्रकारात आपण प्रहसन जपलं, वाढवलं. गप्पा मात्र जाहिरातीच्या हवाली केल्या. त्याची किंमत आता प्रहसनालाही मोजावी लागते आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेव्हा हे दोन प्रवाह वेगळे होते. विनायक चासकर, विनय आपटे यांच्यासारख्या निर्मात्यांच्या ‘गजरा’त छोटी प्रहसनं आणि गाणी गुंफलेली असत, लेखक-कलावंतांशी निवांत बोलणं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’त होई. पुढे खासगी वाहिन्या आल्या, ‘फू बाई फू’ने प्रहसनाला स्पर्धेत उतरवलं आणि त्यातून नटांचा कसलेला संच तयार झाला. १८ ऑगस्ट २०१४ रोजी झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं, तेव्हा प्रहसन आणि पाहुणा एकाच मंचावर आले.

निलेश साबळे यांनी लिहिलेल्या-बसवलेल्या या कार्यक्रमाचा सांगाडा अस्सल मराठी होता. थुकरटवाडी नावाचं काल्पनिक गाव, त्यातली ठरलेली माणसं आणि त्यांचे शब्दाला शब्द भिडवणारे सवाल-जबाब हे सगळं तमाशातल्या बतावणीच्या जवळचं. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी बोली विनोदाचा विषय न होता विनोदाचं साधन झाली. श्रेया बुगडे यांनी नकलेला अभिनयाचा दर्जा दिला. आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचू लागले, की हसणारा प्रेक्षक शेतकऱ्याच्या, सैनिकाच्या घरात जाऊन पोहोचायचा. करमणुकीच्या कार्यक्रमात इतका थेट गंभीर सूर लावणं हे धाडस होतं आणि ते साधलं.

पाहुण्याच्या बाजूने मात्र हा डोलारा कलत गेला. नवा सिनेमा, नवं नाटक, नवी मालिका आली की तिचा चमू सोफ्यावर हजर. शाहरुख खानसारखे हिंदी तारेही आले, मराठी कार्यक्रमाची पत वाढली, त्याचा आनंद खराच. पण जो प्रसिद्धीसाठी आला आहे, त्याला अडचणीचा प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या सिनेमाचं विडंबन करायचं, तेही त्याला गुदगुल्या होतील इतपतच. मग लेखकाने टीकेचा रोख वळवायचा कुठे? तो वळला नटांच्याच शरीराकडे: कुणाचा रंग, कुणाचं पोट, कुणाची उंची. स्त्रीवेशाचंही तेच झालं. तमाशाच्या गवळणीतली मावशीही पुरुषच रंगवतो. पण कृष्ण गवळणींची वाट अडवतो तेव्हा ती त्याच्याशी वाद घालते, तिला नाट्यात काम असतं. दूरचित्रवाणीवर पुष्कळदा साडी नेसलेला पुरुष एवढाच विनोद उरला. जवळपास दहा वर्षं चालून २०२४ मध्ये कार्यक्रम थांबला, तेव्हा नट थकले नव्हते. साचा थकला होता. २०२५ मध्ये तो अभिजीत खांडकेकर यांच्या सूत्रसंचालनाने परतला, पण टोळ्यांच्या स्पर्धेच्या रूपात. गप्पांचा प्रश्न तिथेच राहिला.

सोनी मराठीच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने २०१८ पासून वेगळी वाट धरली. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी भार ठेवला तो संहितेवर. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांच्यासारखे नट स्वतः लिहितात, म्हणून त्यांची पात्रं बोलताना उसनी वाटत नाहीत. गौरव मोरे यांचा फिल्टरपाड्याचा बच्चन मुंबईच्या वस्तीचा अभिमान घेऊन आला. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांनी बाईला हशा घेणारं मुख्य पात्र केलं. तोवर बहुधा तिच्या वाट्याला हशा झेलणारी जोडीदारीणच यायची. हा मोठा पल्ला आहे. तरीही प्रहसन संपलं की परीक्षकांचं कौतुक, आणि त्यापुढे संवाद नाही. एखादा प्रयोग फसला तर का फसला, हे तिथे क्वचितच बोललं जातं.

विनोदी गप्पा मराठीत जमतच नाहीत, असं मात्र नाही. २०१६ मध्ये भाडिपा या यूट्यूब वाहिनीने ‘कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण’ आणलं. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांचे आगाऊ प्रश्न, पाहुण्याचा वाढत जाणारा वैताग, दोघांची फजिती हे सगळं लिहिलेलं आणि बसवलेलं. राधिका आपटे त्यात पाहुणी होती आणि पात्रही होती. मुलाखत हेच तिथे प्रहसन झालं. वाहिन्यांना हा धडा सहज घेता आला असता.

आपली परंपराही हेच सांगते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके ताज्या घडामोडींवर रंगमंचावरून टिप्पणी करत आणि सत्तेला टोले देत. तमाशातल्या सोंगाड्याला राजासमोर बोलण्याची मुभा होती, तोच त्याचा मान होता. आज आमदार, मंत्रीही विनोदी मंचावर येतात, हसतात, टाळ्या घेतात आणि जातात. त्यांच्यासमोर सोंगाड्या गप्प राहतो.

हे बदलायला खर्च लागत नाही, निर्धार लागतो. महिन्यातून एक भाग तरी असा हवा, ज्यात पाहुण्याला काहीही विकायचं नसेल: एखादी तमाशा कलावंत, एस.टी.चा वाहक, शाळेतली बाई. लेखकाला आठवड्याच्या रेट्यातून सवड आणि पडद्यावर ठळक नाव हवं. आणि सूत्रसंचालकाला प्रश्न विचारण्याची मोकळीक हवी. एवढं गुणी नटमंडळ आणि इतका जाणता प्रेक्षक हाताशी असताना नुसत्या गुदगुल्यांवर समाधान मानणं हा दोघांवरही अन्याय आहे.