श्रद्धेच्या घरातील विनोद

धर्मावरील विनोद दोन ठिकाणांहून होतो. कोणी उंबरठ्याबाहेर उभा राहून हसतो, कोणी माजघरात बसून. पहिल्या हसण्यात टवाळी लवकर शिरते. दुसऱ्यात जिव्हाळा असतो, पण आपल्याच माणसांना सांभाळून घेण्याचा मोहही असतो. २०१७ साली अमेरिकेत सुरू झालेला ‘गुड ख्रिश्चन फन’ हा कार्यक्रम या दुसऱ्या जातीचा आहे, आणि तिचे गुण व दोष दोन्ही त्यात स्पष्ट दिसतात. आज ज्याला पॉडकास्ट म्हणतात, म्हणजे रेडिओच्या वेळापत्रकाशी न बांधलेला आणि श्रोत्याने आपल्या सवडीने ऐकावयाचा जो श्राव्य प्रकार, त्यातलाच हा एक.

केव्हिन टी. पोर्टर आणि कॅरोलाइन ईली हे दोन स्नेही त्याचे यजमान. दोघेही चर्चच्या वातावरणात वाढलेले. कार्यक्रम प्रसृत झाला तो मात्र ‘हेडगम’ या विनोदी कार्यक्रमांच्या संस्थेतर्फे. चर्चचे व्यासपीठ त्यामागे नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बैठकीस एखादा पाहुणा येई. तो श्रद्धाळू असे, किंवा श्रद्धेपासून दूर गेलेलाही असे. त्याच्या धार्मिक जडणघडणीविषयी बोलणे होई आणि एखादे ख्रिस्ती गीत, चित्रपट वा पुस्तक चर्चेस घेतले जाई. धर्मप्रसार करावयाचा नाही आणि धर्माची निंदाही करावयाची नाही, अशी यजमानांची भूमिका होती. नावातही थट्टा आहे. निरुपद्रवी करमणुकीसाठी इंग्रजीत जो शब्दप्रयोग रूढ आहे, त्यातील ‘निर्मळ’ या अर्थाचा शब्द काढून तेथे ‘ख्रिस्ती’ हा शब्द बसविला आहे.

ही थट्टा कळण्यास तिची पार्श्वभूमी ठाऊक हवी. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील इव्हँजेलिकल पंथीयांनी बाहेरच्या करमणुकीला समांतर अशी स्वतःची एक सृष्टी उभारली होती. टोमॅटो आणि काकडी यांच्या मुखाने बायबलच्या कथा सांगणारी ‘व्हेजीटेल्स’ ही मुलांची चित्रमालिका १९९३ मध्ये आली. रॉक संगीतालाही ख्रिस्ती पर्याय निघाले; ‘डीसी टॉक’ या गायकसंचाची ‘जीझस फ्रीक’ ही ध्वनिमुद्रिका १९९५ ची. जगाच्या अंतकाळावरील ‘लेफ्ट बिहाइंड’ ही कादंबरीमाला त्याच वर्षी सुरू झाली आणि तिच्या १६ भागांच्या कोट्यवधी प्रती खपल्या. या सृष्टीत लहानाची मोठी झालेली पिढी हीच पोर्टर-ईली यांची खरी श्रोतेमंडळी होय.

अशा सामग्रीला हसणे फार सोपे आहे. मनगटावरील पट्टीचेच उदाहरण घ्यावे. कॅन्सास राज्यातील टोपीका येथील धर्मोपदेशक चार्ल्स शेल्डन यांनी ‘इन हिज स्टेप्स’ ही कादंबरी रविवारच्या सभेत प्रकरणशः वाचून दाखविली होती. पुढे १८९६ च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली. ‘या प्रसंगी येशूने काय केले असते?’ हा प्रश्न मनाला विचारल्याशिवाय वर्षभर काहीही करावयाचे नाही, असा संकल्प तीतील माणसे करतात. १९८९ मध्ये मिशिगनमधील हॉलंड या गावच्या एका युवकगटासाठी त्या इंग्रजी प्रश्नाची चार आद्याक्षरे विणलेल्या पट्ट्या करवून घेण्यात आल्या, आणि पुढील दशकात त्या दुकानोदुकानी विकल्या जाऊ लागल्या. आचरणाचा प्रश्न होता, त्याचा अलंकार झाला. बाहेरचा टीकाकार येथे ‘ढोंग’ एवढे म्हणून मोकळा होईल. घरचा माणूसही हसतो; परंतु ती पट्टी बांधणाऱ्या मुलाचा भाव खरा होता, हे तो विसरत नाही. या दोन मित्रांच्या हास्याचा सूर असा आहे. गाणे सुमार असेल तर ते त्याला सुमार म्हणतात. मात्र ते ऐकून ज्याचे डोळे कधीकाळी पाणावले त्याला मूर्ख ठरवीत नाहीत.

मराठी वाचकाला हा सूर परका वाटू नये. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या स्नेह्यांच्या त्रयीकरवी आपल्याच रूढींची यथेच्छ रेवडी उडविली, ती घरात राहूनच. भेद एवढाच की कोल्हटकरांना त्या रूढी मोडावयाच्या होत्या. पोर्टर-ईली यांचा ओढा पुष्कळदा त्या नुसत्या आठविण्याकडे दिसतो. माझा आक्षेप आहे तो येथे.

बालपणाच्या आठवणी गोड असतात आणि त्या गोडीखाली बरेच काही झाकले जाते. जोशुआ हॅरिस यांचे ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’ हे पुस्तक १९९७ साली निघाले. विवाहापूर्वीचे प्रियाराधन टाळावे, असा त्याचा उपदेश. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. देह आणि प्रेम यांविषयी आपल्या मनात भय व लज्जा बसली ती या उपदेशाने, असे अनेक वाचकांनी पुढे सांगितले. लेखकाने २०१८ मध्ये त्या पुस्तकाचे प्रकाशन थांबविले आणि २०१९ मध्ये आपण आता ख्रिस्ती राहिलो नसल्याचे जाहीर केले. टोमॅटो-काकडीच्या बाबतीत जे हसू शोभते, ते येथे अपुरे पडते. मित्रांच्या गप्पांना एक गती असते. दुखऱ्या जागेवर थांबावयाचे तर ती गती मोडावी लागते, आणि ती मोडण्याचे धैर्य या प्रकाराच्या अंगी सहसा नसते.

तरीही एक श्रेय या कार्यक्रमाला दिलेच पाहिजे. श्रद्धा टिकलेला आणि श्रद्धा सुटलेला अशा दोघांना त्याने एका बैठकीवर बसविले. त्यांच्यात वाद झाला असता तर दोघे पाठ फिरवून गेले असते. एकाच गाण्याला दोघे हसले, म्हणून बोलणे पुढे चालू राहिले.

आपल्याला यात शिकण्यासारखे आहे. आपल्या देवळांभोवतीही भक्तीचा बाजार वाढला आहे. चित्रपटगीतांच्या चालींवरील आरत्या उत्सवात ऐकू येतात, आणि त्यांना कोणी परका हसला की आपण संतापतो. आपण स्वतः हसावयास मात्र कचरतो. वास्तविक कोकण-गोव्याच्या जत्रेत दशावतारी नाटकाच्या आरंभी वेद चोरणारा संकासुर येतो, देवळाच्या आवारातच लोकांना पोट धरून हसवितो, आणि मग विष्णूच्या हातून मारला जातो. त्या हशाने देवाचे काही उणे झाले, असे आपल्या वाडवडिलांना कधी वाटले नाही. घरातली जी तरुण मुले आज उत्सवाला येईनाशी झाली आहेत, त्यांना उपदेशासाठी बोलावण्याऐवजी सभामंडपाच्या ओसरीवर गप्पांना बोलवावे. ती आपल्या आरत्यांना हसतील. त्यांच्याबरोबर आपणही हसावे, आणि हसून झाल्यावर ती काय विचारतात ते नीट ऐकून घ्यावे.